उद्याच्या कारखान्यात बसायचं कुठं?

आमच्याकडे दिवसभरात वेफर्स किती होतात ते मालाच्या प्रतवारीवर असतं, पण साली मात्र ढिगाने निघतात. किश्शांचंही तसंच आहे. काम कमी-जास्त होतं, किस्से रोज साठतात. उचलून बाहेर टाकले नाहीत तर पाय घसरतो, म्हणून सांगून टाकते!

मी शोभा. माहेर साक्रीकडचं, सासर सावद्याचं. केळीच्या वेफर्सच्या कारखान्यात मी ऑफिसला आहे. ऑफिसला म्हणजे फोन, हजेरी, डिस्पॅच, भांडणं आणि चहा. मालक नाना. त्यांचा कारखाना पत्र्याच्या जुन्या शेडमध्ये आहे. तिथे केळी सोलणाऱ्या बायका जमिनीवर पाट टाकून बसतात आणि संध्याकाळी एकमेकींना हात देऊन उठवतात.

आता नाना नवीन कारखाना बांधतायत. माल परदेशात जाणार, त्यामुळे जमिनीवर बसून सोलणं बंद, टेबलावर सोला, असं वरून सांगितलंय. मग टेबलापाशी बायका उभ्या राहणार की त्यांना स्टूल मिळणार? वर्षभर आमच्याकडे हा एकच प्रश्न चालला. बाकी सगळे किस्से त्याच्या आजूबाजूचे.

*

नानांचा पुतण्या पंकज पुण्याहून शिकून आला. येताना एक मोठा काळा चष्मा घेऊन आला. पोहायच्या चष्म्याचा थोरला भाऊ म्हणा. तो डोळ्यांवर बांधला की न बांधलेला कारखाना दिसतो! आत चालायचं, टेबलं सरकवायची, भिंती हलवायच्या. जो घालेल त्याला जे दिसतं ते बाकीच्यांना टीव्हीवर दिसतं.

"काका, बांधून झाल्यावर रडण्यापेक्षा आधीच आत जाऊन बघायचं," पंकज म्हणाला. "कामगारांनी पण बघायचं. काम त्यांना करायचंय."

नाना म्हणाले, "नवीन वास्तूत असं घुसायचं नसतं. आधी पूजा!"

झालं. चष्मा पाटावर ठेवला. समोर नारळ फोडला. नानांनी स्वतः चष्म्याच्या कपाळाला हळदी-कुंकवाचं मोठं बोट लावलं. नेमके तिथेच त्याचे कॅमेरे! नाना चपला काढून, उजवा पाय पुढे टाकून चष्मा घालून उभे राहिले, आणि टीव्हीवर पाटी आली, "अंधार आहे. कृपया दिवा लावा."

नाना गहिवरले. "बघा! मशीनला कळतं, आपल्या माणसांना कळत नाही. शोभा, निरांजन आण!"

पंकजने मग तासभर कापसाने कुंकू पुसलं. पण चपलांची पद्धत पडली ती पडलीच. अजूनही कोणी चष्मा घालायला आलं की ऑफिसच्या दाराबाहेर चपला काढतं.

*

पहिला मान सिंधूअक्कांचा. सिंधूअक्का म्हणजे सोलाईच्या बायकांची कॅप्टन. नाना घराच्या ओट्यावर एका कढईत वेफर्स तळायचे तेव्हापासून अक्का आहेत. त्यांना नाना पण अक्काच म्हणतात.

अक्कांनी चष्मा घातला. समोर लांबलचक टेबल, त्यावर हिरव्यागार कच्च्या केळीचा ढीग. अक्का क्षणभर थांबल्या आणि सवयीने डावीकडे हात टाकला. तिथे माझ्या टेबलावर निरांजनासाठी आणलेली तेलाची वाटी होती. अक्कांनी तेल घेतलं, दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोळलं.

कच्च्या केळीला चीक असतो. हाताला तेल न लावता केळी सोलली तर हात काळे पडतात आणि डाग आठवडाभर निघत नाहीत. आमच्याकडे बायका देवाला हात जोडायला विसरतील, पण केळीला हात लावायच्या आधी तेल विसरणार नाहीत.

"अक्का! अहो ही केळी खरी नाहीत!" पंकज ओरडला.

"मग मले सोलायले काब्रं लावतो?" अक्का म्हणाल्या (काब्रं म्हणजे कशाला) आणि तेलकट हातांनी चष्मा सारखा केला.

त्यानंतर उद्याचा कारखाना दोन दिवस धुक्यात होता.

पण चष्मा काढता काढता अक्कांनी खरा प्रश्न विचारला. "सगळं छान हाये रे पंकज. पण आम्ही बसायचं कुठं?"

पंकजने नानांकडे बघितलं. नानांनी खुर्चीवर मागे रेलून उत्तर दिलं, "बसायचं नाही. उभ्याने काम चपळ होतं. बसला की माणूस झोपतो!"

आता हे कोण म्हणतंय? ज्यांचं घोरणं रोज दुपारी जेवणानंतर केबिनच्या पार्टिशनमधून माझ्या टेबलापर्यंत येतं ते! फोनवर गिऱ्हाईक विचारतं, "मॅडम, मशीन चालू आहे का?" मी म्हणते, "हो, एकच चालू आहे."

*

मग नंबर आला रामदासचा. रामदास माझ्या माहेरकडचा, कढईवर असतो. मे महिन्यात बाहेर ऊन भाजत असतं आणि रामदास आत उकळत्या तेलापाशी. त्याच्याकडे बघूनच आपल्याला तहान लागते.

रामदास चष्मा घालून नव्या कढईपाशी गेला आणि हसायलाच लागला. "शोभाताई, आठे ते बठ्ठं गार शे!"

कढईपाशी सगळं गार? मी टीव्हीवर बघितलं. कढईच्या मागे खिडकी, आणि खिडकीबाहेर बर्फ पडतोय! शुभ्र, कापसासारखा. पंकज प्रोग्राममध्ये गावाचं हवामान टाकायला विसरला होता. ज्या कुठल्या देशात तो प्रोग्राम बनला तिथलंच हवामान आमच्या सावद्याला लागलं होतं. आणि कोपऱ्यात लिहिलेलं, "कामासाठी वातावरण आल्हाददायक."

"पंकज," मी म्हटलं, "भर दुपारी कढईजवळ येऊन हे वाक्य मोठ्याने वाचून दाखव. मग आल्हाद काय असतो ते रामदास सांगेल."

पंकजने हवामान बदललं. लगेच सगळं लाल झालं, शिट्टी वाजली, धोक्याच्या पाट्या आल्या. रामदास वैतागला. "जे व्हतं तेच ठेवा ना भो!"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बघते तर रामदास ऑफिसच्या कोपऱ्यात डोळ्यांवर चष्मा बांधून बसलेला. मांडीवर डबा. चाचपडत भाकर मोडतोय, मिरचीचा ठेचा शोधतोय. टीव्हीवर बर्फ पडतोय.

"काय रे हे?"

"मी आते रोज आठेच जेवसू," रामदास म्हणाला. आणि खरंच सगळा मे महिना तो बर्फात जेवला!

*

चष्म्यात बोलायची गरज नसते. समोर प्रश्न येतो. मान खाली-वर केली की मंजूर, आडवी हलवली की नामंजूर. मंजूर झालं की "टिंग" असा आवाज होतो आणि प्लॅन थेट जळगावच्या कॉन्ट्रॅक्टरकडे. हे पंकजने फार कौतुकाने समजावलं.

पण रामदास पडला भिडस्त माणूस. समोर कोणी बोलत असलं की त्याची मान "हो हो, बरोबर आहे" करत खाली-वर चालू. पंकज त्याला आत फिरवत समजावत होता, "हे बघा, ही कढईची आणि ऑफिसची मधली भिंत..."

टिंग!

"समजा ही नसती..."

टिंग!

"तर शोभाताईंचं टेबल कढईला लागून आलं असतं, ते काही बरं..."

टिंग!

कॉन्ट्रॅक्टरचा मला फोन. "मॅडम, तुमचं टेबल कढईपासून हातभर अंतरावर दाखवलंय. तुम्ही तळण पण बघणार का?"

मी म्हटलं, "आधी पंकजला तळते, मग बघते!"

त्यानंतर पंकजने कुलूप घातलं. बाकी कोणाचीही मान चालणार नाही. फक्त नानांनी मान हलवली तरच मंजूर.

इथेच सगळं अडलं. कारण नाना मान हलवतच नाहीत! त्यांची उमर गेली केळीच्या सौद्यांत. व्यापारी समोर बसला की नाना खांबासारखे बसतात. "बाजारात एकदा मान हलली की माल गेला. मग रडून उपयोग नाही," हे त्यांचं तत्त्वज्ञान. नानांच्या बायको म्हणतात, लग्न ठरताना मुलगी पसंत आहे का विचारलं तेव्हासुद्धा हा माणूस नुसता बघत बसला होता, मान वडिलांनी मागून दाबली!

*

पावसाळ्यात पंकज काही दिवस पुण्याला गेला. जाताना म्हणाला, "अक्का, तुम्ही बायकांनी मिळून सोलाईचा विभाग मनासारखा मांडून ठेवा. काकांना दाखवू."

मनासारखा! असं बायकांना कधी कोणी म्हटलंय?

अडचण एकच. त्या प्रोग्राममध्ये सामानाची जी यादी होती तिच्यात स्टूल कुठे सापडेना. मला सापडलं ते सगळं हॉटेलचं सामान. मी माऊस धरला, मागून बायका सांगतायत. एकीने सोफा घ्यायला लावला. दुसरी म्हणाली, तिला आहे तर मला पण. बघता बघता केळीच्या टेबलाभोवती लाल मखमली सोफे लागले. हिवाळ्यात भरीत करायला चूल हवी म्हणून कोळशाची शेगडी आली. वर सावलीला समुद्रकिनाऱ्यावरची रंगीत छत्री. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका हवाच, म्हणून तो डिस्पॅचच्या दारात टांगला.

इतकं हसलो होतो आम्ही, की रामदास कढई सोडून बघायला आला.

नाना चष्मा घालून आत गेले ते थेट झोक्यावर आदळले. म्हणजे आदळल्यासारखे मागे सरकले आणि खऱ्या टेबलाची कड कमरेला बसली.

"हा वेफर्सचा कारखाना आहे का लग्नाचा हॉल!" नाना कडाडले. "पंकजला सांग, सोफे, झोके, छत्र्या, सगळं काढ! स्टूलचा तर आता विषयच काढू नका!"

अति तिथे माती! आम्ही हसण्याच्या नादात हातचं घालवलं. बायका गुपचूप पाटावर जाऊन बसल्या.  मला माझाच राग आला होता, कारण माऊस माझ्या हातात होता.

*

पंकज आला, त्याने हे ऐकलं आणि शेवटचं अस्त्र काढलं. त्या प्रोग्राममध्ये माणसाची बाहुली ठेवता येते. तिची उंची, वय टाकायचं आणि कामाची पाळी सुरू करायची. घड्याळ भराभर पळतं आणि शरीर जिथे दुखेल तिथे रंग बदलतो. हिरवा, पिवळा, मग लाल.

पंकजने अक्कांची बाहुली टेबलापाशी उभी केली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत गुडघे पिवळे. चहापर्यंत लाल. पाळी संपेस्तोवर बाहुली कमरेपासून खाली लालभडक.

 अक्का म्हणाल्या, "एवढी मशीन काब्रं आणली? मले विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

नाना म्हणाले, "कॉम्प्युटरला रंग भरायला काय लागतं! मला टाक त्याच्यात."

पंकजने नानांची बाहुली केली आणि तिला केबिनमधल्या फिरत्या खुर्चीवर बसवलं. घड्याळ पळालं. मान लाल, कंबर लाल, पोट तर असं लाल झालं की प्रोग्रामने आपणहून डॉक्टरांना भेटायचा सल्ला दिला!

रामदासला हसू आवरेना, तो कढईकडे पळाला. नाना चिडले. "बघितलं? बसलेला पण लाल, उभा राहिलेला पण लाल. मग उभंच राहा!"

तेव्हा अक्का उठल्या. टेबलाला धरून उठल्या, कारण तशा त्यांना उठताच येत नाही. आवाज अजिबात चढवला नाही.

"नाना, उभ्यानं मले जमणार नाही. नवा कारखाना चालू झाला का मी घरी बसते. तिथं तरी बसायले मिळेल."

आणि गेल्या.  नाना बराच वेळ टीव्हीकडे बघत बसले होते. टीव्हीवर अक्कांची लाल बाहुली अजून केळी सोलत होती, कारण पंकज ती बंद करायला विसरला होता.

*

मंजुरीचा दिवस उजाडला. कॉन्ट्रॅक्टरने सांगून ठेवलेलं, आज प्लॅन आला नाही तर मी दुसरं काम धरतो. प्लॅन नाना म्हणतील तसाच होता. टेबल आहे, स्टूल नाही.

त्या दिवशी बायकांनी कारखान्यात वरण-बट्टी केली. प्लॅन मार्गी लागणार म्हणून, असं अक्का म्हणाल्या. आता वरण-बट्टी म्हणजे काय ते खान्देशात सांगायला नको. तुपात बुडवलेली बट्टी पोटात गेली की माणूस आडवा होतो. नानांना अक्कांनी स्वतः आग्रह करून वाढलं. नाना "पुरे, पुरे" म्हणत होते, मान मात्र हलवत नव्हते, त्यामुळे वाढणं थांबलं नाही.

जेवण झालं. नाना फिरत्या खुर्चीवर बसले, चष्मा बांधला. पंकज समजावायला लागला, "काका, हे गेट... हे गोडाऊन..."

नानांची मान हळूच खाली गेली.

टिंग! गेट मंजूर.

वर आली, पुन्हा खाली. टिंग! गोडाऊन मंजूर.

"काका?" पंकजने हाक मारली. नानांची हनुवटी छातीवर, हात पोटावर. पंकज घाबरून चष्मा काढायला पुढे झाला, तर अक्कांनी त्याचं मनगट धरलं. तुपाचा हात होता, पण पकड पक्की होती.

"शोभे," अक्का अगदी हळू म्हणाल्या, "माऊस घे."

स्टूल कुठे असतं ते आता मला पाठ झालं होतं. पंकजने परवाच ते यादीत घातलं होतं, कोणी सांगितलं नव्हतं तरी. मी सगळ्या टेबलांना स्टुलं लावली. टीव्हीवर प्रश्न आला. मंजूर?

आम्ही सगळे नानांच्या मानेकडे बघत होतो. मान डावीकडे कलली. एका बाईने पदर तोंडात धरला. मान सरळ झाली. मग सावकाश खाली गेली.

टिंग!

"पाठीले टेका," अक्का म्हणाल्या. मी टेका लावला.

टिंग!

"पाय ठेवायले दांडी."

टिंग!

रामदासला कुठला धीर! तो पुढे घुसला. "कढईजोडे कूलर!"

टिंग!

"आनि खिडकीमा बर्फ!"

नानांची मान आडवी हलली. एकदा इकडे, एकदा तिकडे. नामंजूर.

ऑफिसात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात नानांनी जांभई दिली, चष्मा काढला, डोळे चोळले.

"डोळा लागला वाटतं. पंकज, गेला का प्लॅन?"

"गेला काका, पण त्यात..."

"पण-बिण काय? मान हलली ना माझी? मग झाला सौदा. बाजारात हललेली मान परत घेत नाहीत." नाना उठले, चपला घालायला दारापर्यंत गेले आणि वळून अक्कांवर बोट रोखलं. "बघितलं ना अक्का? वर्षभर काय सांगतोय मी? बसला की माणूस झोपतो!"

आणि निघून गेले.

 मग रामदासने पार्टिशनकडे बघितलं, नानांच्या खुर्चीकडे बघितलं आणि डोकं खाजवत मला विचारलं, "शोभाताई, पन आज नाना घोरनात काब्रं नही?"

अक्का पदराला हात पुसत म्हणाल्या, "रामदास, तू गुपचूप चहा सांग. नानांचा पण सांग."